म्हैसूर: रविवारची एकच संध्याकाळ. राजवाड्याची रोषणाई की वृंदावन बाग?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून म्हैसूरला जायचं ठरतंय. सासूबाई, सासरे, आम्ही दोघं आणि सहावीतली लेक. बंगळूरला नणंदेकडे मुक्काम आहे. तिथून रविवारी पहाटे निघायचं आणि सोमवारी दुपारी परत फिरायचं. म्हणजे म्हैसूरची संध्याकाळ एकच मिळणार, तीही रविवारची.

पेच असा की रविवारी संध्याकाळी सातला राजवाड्यावर दिवे लागतात आणि वृंदावन बागेतली संगीत कारंजीही साधारण त्याच सुमाराला सुरू होतात. मधे वीसेक किलोमीटरचं अंतर. सासऱ्यांना बाग बघायची फार इच्छा आहे, लहानपणी दिवाणखान्यातल्या कॅलेंडरवर तिचं चित्र होतं म्हणतात. लेकीला राजवाडा हवाय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे धावपळ नकोच.

माझं मत विचाराल तर दिवसा राजवाडा आतून नीट बघावा आणि संध्याकाळ बागेला द्यावी. पण रोषणाई सोडली तर म्हैसूरला जाऊन काय केलं, असं ज्याला त्याला वाटतंय. जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.

सातपूरकर
रोषणाई. दुसरा विचारच नको.

इंदिरानगरी
मीही रोषणाईच म्हणेन. आम्ही आई-बाबांना घेऊन गेलो होतो. समोरच्या मैदानात बसलो होतो, अंधार पडत आला होता, आणि सातच्या ठोक्याला एका क्षणात सगळा राजवाडा उजळला. घुमट, कमानी, बुरूज, आवारातली देवळं, वेशी, प्रत्येक रेघ दिव्यांनी काढल्यासारखी दिसते. दिव्यांची संख्या लाखाच्या घरात आहे. गर्दीतून एकदम "हाऽऽ" असा आवाज उठतो, तो अजून कानात आहे. साधारण पाऊण तास दिवे असतात. ज्येष्ठांना फार चालावं लागत नाही, एका जागी बसून सगळं दिसतं. गुडघ्यांचा विचार केला तर हेच सोयीचं.

बागेत मात्र संगीत कारंजं पार पलीकडच्या टोकाला आहे. पूल ओलांडून बरंच चालावं लागतं, आणि परत येताना सगळी गर्दी एकदम उठते. सासूबाईंना ते झेपेल का बघा.

निशिगंध
थांबा, थांबा. बागेचा विषय निघाला की लोक कारंज्यापाशीच अडकतात, याचं मला फार वाईट वाटतं. गंगापूर रोडला माझी छोटी रोपवाटिका आहे, त्यामुळे माझा ओढा कुठे ते उघड आहे. पण म्हणणं ऐकून घ्या.

वृंदावन ही दिवसाउजेडी बघायची बाग आहे. धरणाच्या भिंतीच्या पायथ्याशी जमीन पायऱ्यापायऱ्यांनी उतरवत नेली आहे. मधोमध पाण्याचा पाट, त्यात ओळीने उडणारी कारंजी, दोन्ही अंगांना कातरलेली झुडपं आणि हंगामी फुलांचे वाफे. काश्मीरच्या शालिमार बागेचा धडा समोर ठेवून हे केलंय. काम १९२७ मध्ये सुरू झालं आणि १९३२ मध्ये पुरं झालं, साठेक एकर पसारा आहे. मिर्झा इस्माईल दिवाण असताना त्यांनी यात जातीने लक्ष घातलं होतं.

चारच्या सुमारास जा. उन्हं कलली की पाटाचं पाणी चमकायला लागतं. वरच्या पायरीवर उभं राहून खाली बघितलं की बाग का वाखाणतात ते कळतं. मग खाली उतरत या. गुडघे दुखतात त्यांनी वरच्याच टप्प्यावर बाकावर बसावं, तिथूनही पुष्कळ दिसतं. झाडं कशी कातरली आहेत, पाण्याला उतार किती सावकाश दिलाय, हे अंधारात रंगीत दिव्यांखाली काय दिसणार? लाल-हिरव्या उजेडात गुलाब आणि झेंडू सारखेच दिसतात.

तर्री
निशिगंध ताई, प्रतिसाद वाचून आमच्या गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालून आलो 🙂

मेरीतला_निवृत्त
निशिगंध यांच्या म्हणण्याला माझी जोड. बाग बघताना पाठीमागची भिंत विसरू नका. कृष्णराजसागर धरण नसतं तर ही बागच नसती.

मी आयुष्यभर धरणांच्या कामात होतो, दिंडोरी रोडच्या मेरी संस्थेत बरीच वर्षं काढली. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची नोकरी आपल्या नाशिकपासून सुरू झाली, हे आपल्या मुलांना सांगायला हवं. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून अभियांत्रिकी पूर्ण करून १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात ते सहायक अभियंता म्हणून लागले ते नाशिकला. पुढे धुळ्याकडे पांझरा नदीवरचं काम, खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे, कालव्याचं पाणी पाळीने देण्याची ब्लॉक पद्धत. हा सगळा अनुभव गाठीशी बांधून ते १९०९ मध्ये म्हैसूर संस्थानात मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये दिवाण.

कृष्णराजसागरचं काम १९११ मध्ये सुरू झालं. भिंत अडीच किलोमीटरहून लांब, सगळी दगडी, आणि सांधण्याला सिमेंट नाही तर सुरखी. भाजक्या विटेची बारीक भुकटी चुन्यात मळायची आणि त्याने दगड सांधायचे. चुना-सुरखी सावकाश आवळते, पाण्याखाली आणखी घट्ट होते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या भिंतींत आणि पुलांतही हाच मसाला आहे. पूर्ण भरल्यावर पाणीपातळी १२४.८ फूट. पाऊस बरा झाला असेल तर दिवाळीत धरण भरलेलं मिळतं. भिंतीवर मात्र आता कुणाला सोडत नाहीत, ती बागेतूनच बघायची.

नातीला भिंतीसमोर उभं करून एवढं सांगा की हे बांधणारा माणूस पहिला पगार नाशिकला घेऊन गेला.

गोदाकाठ
काका, ही माहिती घरात कुणालाच नव्हती! सासऱ्यांना प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांचा पक्ष भक्कम झालाय. आता लेकीच्या बाजूने कुणी बोला.

रंगरेषा
लेकीच्या बाजूने मी. शाळेत चित्रकला शिकवते.

राजवाडा आतून बघायला किमान अडीच-तीन तास हातात ठेवा आणि दहाला दार उघडतं तेव्हाच आत शिरा. चपला बाहेर काउंटरवर ठेवाव्या लागतात, थंड फरशीवरून अनवाणी फिरायचं असतं. सासूबाईंसाठी मोजे पिशवीत असू द्या. चाकाच्या खुर्चीची सोय आहे का ते तिकीटखिडकीवर आधीच विचारा, कारण दरबार हॉल वरच्या मजल्यावर आहे.

सगळ्यांत जास्त वेळ कल्याणमंडपात काढा. अष्टकोनी दालन, वर रंगीत काचांचा घुमट, काचांवर मोर. ओतीव लोखंडाचे सडपातळ खांब ग्लासगोहून आलेले, काचाही तिथल्याच. खाली फरशीवरही मोरच. मान वर करून बघायचं आणि मग मान खाली घालूनही बघायचं. सकाळचं ऊन काचांतून येतं तेव्हा सगळं दालन हिरवं-निळं होतं. दिवाबत्तीची रोषणाई ज्याला बघायची त्याने बघावी, पण ही उन्हाची रोषणाई चुकवू नये.

त्याच दालनाच्या भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची २६ मोठी तैलचित्रं आहेत. प्रत्यक्ष घेतलेल्या छायाचित्रांवरून काढलेली, त्यामुळे एकेक चेहरा वेगळा आहे. हत्ती, घोडेस्वार, बँडवाले, गच्चीवरून वाकून बघणाऱ्या बायका. मुलांना सांगायचं, गर्दीतला एक चेहरा निवड आणि पुढच्या चित्रात तो सापडतो का बघ. माझे विद्यार्थी अर्धा तास हलले नव्हते.

पंचवटी_बालक
अंबारी कुठे असते? सोन्याची ना?

रंगरेषा
आत शिरल्यावर पहिलं दालन लागतं गोंबे तोट्टी, म्हणजे बाहुल्यांचं दालन. अंबारी तिकडेच. वजन ७५० किलो, लाकडी सांगाड्यावर सोन्याचा पत्रा. पूर्वी दसऱ्याला तीत महाराज बसायचे, आता चामुंडेश्वरीची मूर्ती बसते. सोन्याचं सिंहासन मात्र दसऱ्याच्या दिवसांतच जोडून मांडतात, दिवाळीत ते दिसणार नाही. लेकीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर हिरमुसेल.

लाल_माती
वेगळा सूर लावतो, राग मानू नका. राजवाडा सुंदर आहे यात वाद नाही. पण त्याचा खर्च ४१ लाख ४७ हजार ९१३ रुपये आला. बांधकाम १८९७ मध्ये सुरू झालं, आणि १८९८ पासून त्याच संस्थानात प्लेगची साथ होती. माणसं गाव सोडून झोपड्यांत राहत होती आणि इकडे ग्लासगोहून काचा येत होत्या. हेही मुलांना सांगितलं पाहिजे.

सातपूरकर
जुना राजवाडा जळला होता ना, मग राहायचं कुठे त्यांनी?

लाल_माती
जगनमोहन राजवाडा होता की. राहिले तिथे.

मेरीतला_निवृत्त
लाल_माती यांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, तो बाजूला सारू नये. पण चित्राची दुसरी बाजूही मांडतो.

१८९७ मध्ये राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्या लग्नसोहळ्यात जुन्या लाकडी राजवाड्याला आग लागली. तेव्हा राजा कृष्णराज वडियार चौथे, म्हणजे अकरा-बारा वर्षांचा मुलगा. कारभार त्याच्या आईच्या, महाराणी वाणीविलास यांच्या हाती. त्यांनी हेन्री अर्विन यांना नवा राजवाडा बांधायला दिला. सिमल्याचं व्हाइसरॉय निवासही त्यांचंच. लाकडाने दगा दिला होता, म्हणून या वेळी दगड, वीट आणि लोखंड. काम १९१२ पर्यंत चाललं.

आता याच पंधरा वर्षांत बाकी काय झालं ते बघा. १९०२ मध्ये कावेरीवर शिवनसमुद्रला वीज तयार होऊन कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. १९०५ मध्ये बंगळूरच्या रस्त्यावर विजेचे दिवे आले. पुढे १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ. १९१८ मध्ये मिलर समिती नेमून मागास जातींना सरकारी नोकरीत वाटा देण्याचा विचार सुरू केला, तो याच राजाने. गांधीजी त्यांना राजर्षी म्हणत. राजवाड्यावर पैसा गेला हे खरं, पण पैसा तिथेच संपला नाही.

लाल_माती
हे मान्य. मिलर समितीची गोष्ट राजवाड्यातल्या एखाद्या फलकावर ठळक लिहिली पाहिजे, एवढंच माझं मागणं. अंबारीचं वजन सगळ्यांना पाठ असतं.

इंदिरानगरी
+१. दोघांचंही पटलं.

मालेगावकर
धागा मस्त रंगलाय. बागेचा विषय निघालाच आहे तर नाशिक जिल्ह्याचा आणखी एक धागा जोडतो.

वृंदावन बागेच्या आराखड्यात गुस्ताव क्रुंबिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाचा हात होता. बंगळूरच्या लालबागेचे ते प्रमुख होते. पण हे गृहस्थ हिंदुस्थानात आले ते १८९३ मध्ये बडोद्याला, सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत. आणि सयाजीराव आमच्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे! १८६३ चा जन्म. शेतकरी घरातला गोपाळ नावाचा पोरगा, १८७५ मध्ये दत्तक गेला आणि बडोद्याचा राजा झाला. त्याने देशोदेशीची गुणी माणसं हेरून आणली, त्यांतला हा एक माळी. १९०८ मध्ये तो बंगळूरला गेला आणि तिकडच्या शहरांना झाडं देऊन बसला.

म्हणजे धरण बांधणारा नाशिकला नोकरी केलेला, आणि बाग आखणारा कवळाण्याच्या पोराने आणलेला. गोदाकाठ ताई, तुमचे सासरे म्हणतात ते बरोबर आहे, बाग आपल्याच माणसांची आहे!

निशिगंध
मालेगावकर दादा, हे वाचून अंगावर काटा आला. क्रुंबिगेल यांचं नाव आम्हा रोपवाटिकावाल्यांत आदराने घेतात. बंगळूरमध्ये वर्षभर कुठलं ना कुठलं झाड फुललेलं दिसतं, त्याचं मोठं श्रेय त्यांना देतात. पण कवळाण्याशी हा सांधा मी कधी जोडला नव्हता. आता तरी बागेला संध्याकाळ द्या हो!

तर्री
बाग आपली, धरण आपलं. आता मैसूरपाकही येवल्याचा निघाला की धागा बंद करू.

सातपूरकर
मैसूरपाक राजवाड्याच्या मुदपाकखान्यातला. काकासुर मादप्पा नावाच्या आचाऱ्याने केलेला म्हणतात. तेवढा राहू द्या त्यांच्याकडे.

चांदवडकर
आता माझं ऐका. इतका वेळ गप्प होतो.

म्हैसूर बघाच, नको म्हणत नाही. पण इथल्या किती जणांनी चांदवडचा रंगमहाल बघितलाय? नाशिकपासून आग्रा रोडने पासष्ट किलोमीटर. मनमाडला, धुळ्याला जाताना डावी-उजवीकडे डोंगर बघत आपण पुढे निघून जातो. गावात अहिल्याबाई होळकरांचा वाडा उभा आहे. उंच तटबंदी, बुरूज, आत चौक, कोरीव लाकडी खांब, वर नक्षीची छतं, भिंतींवर रंगवलेली चित्रं. रंग विटलेत, काही ठिकाणी पोपडे निघालेत, पण घोडे, माणसं, वेलबुट्टी ओळखू येते. म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा जळून गेला, आपला लाकडी महाल अजून उभा आहे. आणि आपण अकराशे किलोमीटर जाऊन ग्लासगोचे खांब बघणार.

लहानपणी आम्ही त्या चौकात लपाछपी खेळायचो. एका खांबाच्या तळाशी कमळाच्या पाकळ्या कोरल्या आहेत, त्यावर बोटं फिरवून फिरवून त्या पाकळ्या मला डोळे मिटून ओळखता यायच्या. २०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षं झाली, गावोगाव कार्यक्रम झाले. वाडा बघायला त्यातले किती आले?

इंदिरानगरी
चांदवडकर दादा, रेणुकामातेला आम्ही दर वर्षी येतो, पण रंगमहालाला दोनदा कुलूप दिसलं. कुणाला विचारायचं तेही कळलं नाही. लोक येत नाहीत याचं हेही कारण आहे.

चांदवडकर
खरंय ताई. तेच तर दुखतं. गावातल्या कुणाला तरी आधी विचारून या.

वाटाड्या
बाग हवी असेल तर मात्र चांदवडला निराशा होईल. जव्हारचा जयविलास राजवाडा बघा, मुकणे घराण्याचा. महादेव कोळी राजघराणं, आपल्याकडच्या आदिवासी राजांची आठवण सांगणारी वास्तू. नाशिकहून त्र्यंबकमार्गे ऐंशीएक किलोमीटर, भोवती झाडी, पावसाळ्यानंतर सगळा परिसर हिरवागार. दिवसभराची सहल होते.

म्हैसूरसाठी एक सुचवतो. बंगळूरहून येताना श्रीरंगपट्टण वाटेतच लागतं, तिथे टिपूचा दर्या दौलत महाल बघा. १७८४ चा, बराचसा सागवानी, आणि बागेच्या मधोमध. राजवाडा आणि बाग एकाच ठिकाणी! बाहेरच्या भिंतींवर पोल्लिलूरच्या १७८० च्या लढाईचं भलंमोठं चित्र आहे, इंग्रजांचा पराभव. चढ नाही, वरांड्यात सावली. सासूबाईंना हे सगळ्यांत सोपं जाईल. चांदवडकर दादांना तिथे घरी आल्यासारखं वाटेल, तसेच लाकडी खांब आणि तशाच रंगवलेल्या भिंती. आपल्या इतिहासाशीही नातं आहे. १७९२ च्या वेढ्यात पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके याच गावासमोर तळ ठोकून होते.

पंचवटी_बालक
आपल्या सराफ बाजारातला सरकारवाडा पण बघा की. तो तर चालत जाण्याच्या अंतरावर.

आनंदवल्लीचा
आणि आमची आनंदवल्ली विसरलात. मूळ गाव चावंडस. राघोबादादांनी इथे वाडा बांधला आणि आनंदीबाईंच्या नावावरून गावाचं नाव बदललं. वाड्याचं आता फारसं काही उरलेलं नाही. गोदेच्या काठाला उभं राहिलं की जागा का निवडली ते कळतं, इतकंच.

रंगरेषा
मंडळी, मूळ प्रश्नाकडे येण्याआधी माझं एक राहिलंय. जगनमोहन राजवाड्यातलं चित्रसंग्रहालय उघडं आहे का तेवढी चौकशी करा, आणि असेल तर लेकीला तिथे न्याच. मुख्य राजवाड्यापासून जवळ आहे. रविवर्म्यांची चित्रं आहेतच, पण मला सांगायचंय ते हळदणकरांच्या दीपधारिणीबद्दल.

हातात समई घेतलेली मुलगी, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा केलेला. बोटांच्या फटींतून उजेड येतो आणि बोटांच्या कडा लालसर दिसतात, आतून रक्त उजळल्यासारख्या. चेहऱ्यावर खालून आलेला तोच उजेड. अनेक जण हे रविवर्म्यांचं समजतात. ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं आहे, सावंतवाडीचा माणूस, १८८२ चा जन्म. समोर उभी केली होती ती त्यांची स्वतःची मुलगी. आणि सगळं जलरंगात! जलरंगात काळोख रंगवणं फार अवघड, एकदा कागद काळवंडला की उजेड परत आणता येत नाही. ज्योतीचा पांढरा कोरा राखून भोवती काळोख चढवत जायचा. मी मुलांना शिकवताना ही बोटं फळ्यावर काढून दाखवते. मूळ चित्रासमोर उभं राहिले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

निशिगंध
रंगरेषा, किती सुंदर लिहिलंत. या चित्रासाठी मी बागेचा अर्धा तास सोडायला तयार आहे.

तर्री
निशिगंध ताईंनी अर्धा तास सोडला! धाग्याचं सार्थक झालं.

इंदिरानगरी
आता मूळ प्रश्न. गोदाकाठ, तुम्ही रविवारऐवजी शनिवारी दुपारी बंगळूर सोडता येईल का? शनिवारी सरळ वृंदावनला. उजेडात बाग, जमलं तर अंधारात कारंजं. रात्री म्हैसूरला मुक्काम. रविवारी सकाळी राजवाडा, दुपारी खोलीवर येऊन आडवं व्हायचं, साडेसहाला मैदानात रोषणाईला. सोमवारी जगनमोहन आणि परतताना दर्या दौलत. एका रात्रीचा खर्च वाढतो, पण भांडण मिटतं.

हेच जमलं नाही तर मात्र माझा कौल रोषणाईला. कारण बाग सोमवारी सकाळीही बघता येते, रविवारचे दिवे सोमवारी नसतात. इतर दिवशी ध्वनिप्रकाश कार्यक्रमाच्या शेवटी थोडा वेळ लागतात म्हणा, पण तो थोडाच वेळ.

निशिगंध
शनिवारची कल्पना उत्तम. तेही जमलं नाही तर सोमवारी सकाळी लवकर बाग. कारंज्याची गर्दी नाही, माळी काम करताना भेटतात, त्यांच्याशी बोलता येतं. माझी तक्रार नाही.

मेरीतला_निवृत्त
सोमवारी सकाळी भिंतीवर ऊन कुठून पडतं ते बघून ठेवा. दगडांचे सांधे तिरप्या उन्हात ठळक दिसतात.

सातपूरकर
प्रवासाचं काय ठरलं? आम्ही मनमाडहून कर्नाटक एक्सप्रेसने थेट बंगळूरला जातो. ज्येष्ठांना आडवं व्हायला मिळतं. ओझरहून विमानाचाही पर्याय बघा, वेळापत्रक बदलत असतं.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवताना सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचले. नणंदेला फोन केला, शनिवारी दुपारी निघायचं ठरलं. मनमाडहून रेल्वेनेच जाऊ. सासऱ्यांनी विश्वेश्वरय्या आणि क्रुंबिगेल यांची नावं वहीत लिहून घेतली आहेत. लेक म्हणते मिरवणुकीतला एक चेहरा ती शोधणारच. मिलर समितीबद्दल मी तिला गाडीत सांगेन, लाल_माती यांचं म्हणणं पटलं.

आणि चांदवडकर दादा, म्हैसूरच्या आधी एक रविवार रंगमहालाला. सासूबाई म्हणाल्या, रेणुकामातेचं दर्शनही होईल. आणखी कुणी येणार का?

इंदिरानगरी
आम्ही चौघं.

रंगरेषा
मी आणि शाळेची काही मुलं. भिंतीवरची चित्रं पेन्सिलीने उतरवून घेऊ. फ्लॅश कुणी वापरायचा नाही, रंगांना हात लावायचा नाही, ही अट.

आनंदवल्लीचा
माझं नाव टाका.

मेरीतला_निवृत्त
भिंतीत चुन्याचा जुना गिलावा कुठे शिल्लक असेल तर तो मला बघायचाय. येतो.

तर्री
जेवणाचं माझ्याकडे. किती माणसं ते शुक्रवारपर्यंत सांगा. तिखट कमी-जास्त तेही लिहा.

चांदवडकर
सगळ्यांनी या. कुलपाची चौकशी मी आधीच करून ठेवतो, कुणाशी बोलायचं ते मला माहीत आहे. सकाळी साडेनऊपर्यंत पोहोचा, चौकात ऊन उतरलेलं असतं तेव्हा कोरीवकाम नीट दिसतं. ज्येष्ठांसाठी खुर्च्या आमच्या घरून आणतो. गाड्या लावायची जागा वेगळी कळवतो, वाड्यासमोरची गल्ली अरुंद आहे.